पुढच्या पोर्शनमधले ऑडिटर

सकाळी साडेनऊला ते घराच्या मागच्या दाराने बाहेर पडत. पायात पॉलिश केलेले काळे बूट, अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, हातात बॅग. पाण्याच्या टाकीला वळसा घालून कडेच्या बोळातून ते पुढच्या अंगणात येत, व्हरांड्यात बूट काढत आणि कुलूप उघडून पुढच्या खोलीत शिरत. हे त्यांचं ऑफिस. ही खोली आणि त्यांची स्वयंपाकखोली यांच्यामध्ये फक्त एक दार होतं. कामाच्या वेळात त्या दाराची कडी काढलेली कोणी पाहिली नाही. दुपारी जेवायला जायचं तरी ते बूट चढवून बोळातूनच मागे जात. पाऊस असला तर छत्री घेत.

मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात हे दिसलं आणि हसू आलं. त्यांनी ते पाहिलं.

"काय म्हणून हसूं लागलांत?" त्यांनी विचारलं. "ऑफिसला जातो मी. तुमच्या गांवीं ऑफिसला जात नाहींत काय?"

माझं गाव सोलापूर. सासर तंजावूरकडच्या मराठी घराण्यातलं, कित्येक पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं. चेन्नईच्या वेस्ट मांबलममधलं हे घर सासऱ्यांनी बांधलं होतं. त्याचे तीन भाग, म्हणजे इथल्या भाषेत तीन पोर्शन. मधल्यात आम्ही राहत होतो, वरचा एका बँकेतल्या कुटुंबाला दिला होता आणि पुढचा या गृहस्थांना. तेही तंजावूर मराठीच. त्यांनी लग्न केलेलं नव्हतं. चेन्नईत चार्टर्ड अकाउंटंटला सगळे ऑडिटर म्हणतात, त्यामुळे माझ्या सासूबाईंसकट कोणीही त्यांना नावाने हाक मारत नसे.

त्यांचं मराठी सासूबाईंसारखंच होतं, जुनं, आणि तमिळ हेल काढून बोललेलं. माझं मराठी त्यांना पोरकट वाटे. "तुमची भाषा फार नवी आहे," ते मला म्हणाले होते. "आम्ही निघालों तेव्हां जी होती, ती आम्ही सांभाळली. मागे राहिले त्यांनी बदलली." हे सांगताना त्यांची मान ताठ झाली. पुढे माझ्या लक्षात आलं की ती बहुतेक वेळा ताठच असते.

त्यांच्याकडे येणारे बहुतेक जण घरमालक होते. पगारातून एक फ्लॅट घेतलेले, मग कर्जावर दुसरा घेतलेले, मग भाड्याच्या जोरावर तिसऱ्याचा विचार करणारे. ही माणसं ऑडिटर नेमायला येत. खोलीत शिरल्यावर मात्र मुलाखत त्यांची सुरू होई. ऑडिटरांचा आवाज मोठा होता आणि खिडकी आमच्या व्हरांड्यावर उघडत होती, त्यामुळे यातलं बरंच काही मुद्दाम न ऐकताही ऐकू येई.

एकदा पुण्याकडचं एक जोडपं आलं. दोघंही शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअरमध्ये, त्याच भागात चार फ्लॅट भाड्याने दिलेले. नवऱ्याने फाइल टेबलावर ठेवली. ऑडिटरांनी ती उघडली नाही.

"भाडेकरूचं नांव काय?"

"कुठल्या फ्लॅटच्या, सर?"

"कुठल्याही."

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "एकात ना, आयटीतली मुलं आहेत. चौघं की पाच."

"दुसऱ्यांत?"

"एक फॅमिली आहे. ब्रोकर बघतो ते सगळं."

"मग ब्रोकरला माझ्याकडे पाठवा. मालक तो दिसतो."

नवरा चिडला. "सर, आम्हाला रिटर्न भरायचंय. नाव कशाला लागतं?"

"भाडं म्हणजे दुसऱ्या कोणाच्या पगाराचा तुकडा. तो कोणाचा, हें ज्याला ठाऊक नाही, त्याच्या आंकड्यावर मी सही करीत नाही. बाहेर बांक आहे. बसा, फोन करा, नांवं घेऊन या."

ते दोघं आमच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून ब्रोकरला फोन करत होते. सासूबाईंनी त्यांना कॉफी दिली. बायको हळूच म्हणाली, "शाळेत वर्गाबाहेर काढल्यासारखं वाटतंय." नावं घेऊन ते आत गेले आणि पुढे वर्षानुवर्षं येत राहिले.

फीची त्यांची रीत ठरलेली होती. फी आधी, चेकने, कागद बघण्यापूर्वी. कर भरावा लागो किंवा परत मिळो, रक्कम तीच. चेक हातात आला की ते पावती लिहीत, आणि मग फाइलची दोरी सोडत. एका मोठ्या मालकाने त्यांना परताव्यावर टक्केवारी देऊ केली होती. तांबरमकडचे एक कर सल्लागार असेच टक्क्यावर काम करतात, असंही त्याने सांगितलं. ऑडिटर म्हणाले, "टक्का घेतला तर तुमचा परतावा आला की मज आनंद होईल. ऑडिटरला आनंद होतां कामा नये."

दुसरा वाद रंगाचा. भाड्याच्या उत्पन्नातून दुरुस्ती वगैरेसाठी कायदा सरसकट तीस टक्के वजावट देतो. बिलं दाखवावी लागत नाहीत. मालकाने वर्षभरात एक खिळाही ठोकला नाही तरी वजावट मिळते. सगळे ऑडिटर इतकं सांगून थांबतात. हे थांबत नसत. पहिलं रिटर्न भरण्याआधी ते मांबलमहून लोकल, पुढे बस असं करत प्रत्येक घर स्वतः बघून येत. नळ सोडून बघत, संडासचा फ्लश ओढत, भाडेकरूला विचारत. मग मालकाला म्हणत, "सरकारने तुम्हांस रंगाचे पैसे दिले. रंग कोठे आहे?"

"पण सर, खर्च केलाच पाहिजे असा नियम नाहीये ना?"

"नियम नाही. म्हणून तर विचारूं लागलों. नियम असता तर विचारायला सरकार आलं असतं."

काही मालक यावर उठून गेले. जे राहिले त्यांची घरं बरी राहिली, आणि त्यांचे भाडेकरू टिकले. ऑडिटरांना दोन्ही गोष्टींचा अभिमान होता. मालक उठून गेल्याचा थोडा जास्त.

या माणसाने आमच्या घराचं काम मात्र कधी घेतलं नाही. सासूबाईंना पेन्शन होती आणि दोन पोर्शनचं भाडं. त्यांचं रिटर्न तांबरमचे तेच टक्केवारीचे सल्लागार भरत. सासूबाईंना हे लागत असे. "साऱ्या गल्लीचे हिशोब बघतात," त्या ऑडिटरांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणत, "आणि ज्या छपराखालीं बसतात तें दिसत नाही." पलीकडून, इथे वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं मामी म्हणून, उत्तर येई, "मामी, छपराखालीं बसलेल्यास छप्पर दिसत नाही. त्यासाठीं बाहेर उभं राहावं लागतं." दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते बँकेतून भाडं पाठवत आणि तरीही दारात येऊन तसं सांगत. सासूबाई त्यांना फिल्टर कॉफी देत. ती ते उभ्यानेच पीत. हे त्यांचं महिन्यातलं एकमेव येणं.

मग बिल्डर आला.

वेस्ट मांबलममध्ये जुनं स्वतंत्र घर उरलं असेल तर कधी ना कधी बिल्डर येतोच. तो घर पाडणार, चार मजली इमारत उभी करणार, आम्हाला तीन फ्लॅट देणार. बांधकामाच्या काळात आम्ही बाहेर राहायचं. माझ्या नवऱ्याला हे पटलं होतं. तो इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात आहे, पहाटे कंपनीच्या बसने जातो आणि अंधार पडल्यावर येतो. घराची गळती, मोटार, टँकर यांना तो कंटाळला होता. आईचे गुडघे दुखत होते, लिफ्ट हवी होती. तांबरमच्या सल्लागारांनी करार चाळून सांगितलं, "डोळे झाकून सही करा." सासूबाईंनी विचारलं, "तुम्ही त्या बिल्डरला ओळखतां काय?" ते सहज म्हणाले, "ओळखतो म्हणजे? त्यांचंही काम मीच बघतो."

सासूबाईंनी करार पिशवीत घातला आणि पुढच्या पोर्शनच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मी सोबत होते. बिल्डरने उत्तरासाठी दोन महिने दिले होते.

"हें तुम्ही बघा," त्या म्हणाल्या. "फी काय ती घ्या."

ऑडिटर उठून उभे राहिले. पिशवीला त्यांनी हात लावला नाही.

"मामी, तुम्ही सही केलांत तर मज हें घर सोडावं लागतं. नाही केलांत तर मी राहतो. उद्या मी म्हटलों, सही करूं नका, तर तें मी कोणासाठीं म्हटलों? तुमच्यासाठीं कीं माझ्यासाठीं?"

"माझा विश्वास आहे तुमच्यावर."

"तुमचा आहे. माझा माझ्यावर नाही. इतकीं वर्षं राहिलों मी येथें. मनांत काय आहे तें मज तरी कसं कळावं?"

"अय्यो! मग मी कोणाकडे जाऊं?"

त्यांनी तीन नावं सांगितली. सासूबाईंनी तिन्ही नाकारली. एक फार तरुण होता, एक फार लांब होता आणि तिसऱ्याला मराठी येत नव्हतं. त्यांचा आवाज चढला. "घर सोडल्यावांचून बघतां येत नसेल तर सोडा घर! सोडा आणि बघा!"

रागाच्या भरात म्हटलेलं होतं. माझी खात्री आहे की त्या वाक्यात रागाशिवाय काही नव्हतं.

"सरि," ऑडिटर म्हणाले. तमिळमध्ये याचा अर्थ 'ठीक आहे'. "हा एक उपाय आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी नोटीस आली. भाडेकरूने द्यायची रीतसर एक महिन्याची नोटीस, टाइप केलेली, पोच घेण्यासाठी दुसऱ्या प्रतीसह. सासूबाई सही करेनात. "मी तसं म्हटलं नव्हतं," त्या म्हणाल्या. ऑडिटर म्हणाले, "तुम्ही बरोबरच म्हटलांत. मज सुचायला हवं होतं." शेवटी सासूबाईंनी रागानेच सही केली, आणि दार इतक्या जोरात लावलं की वरच्या पोर्शनमधल्या बाई खाली बघायला आल्या.

नवरा रात्री जेवताना म्हणाला, "नाटक आहे. कोणी सोडत नाही असं घर."

महिना संपायच्या आत त्यांनी दोन गल्ल्या पलीकडे, एका औषधाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर जागा घेतली. ऑफिस आणि घर मिळून दोन खोल्या. मागचं दार नाही, बोळ नाही, अंगण नाही. सामान हलवायला ज्याला इथे 'कुट्टी यानै', म्हणजे हत्तीचं पिल्लू, म्हणतात तो छोटा टेम्पो आला. फायलीच जास्त होत्या. स्वयंपाकाची भांडी एका टोपलीत मावली. नवरा त्या दिवशी घरी होता. कपाट उचलायला त्याने हात लावला.

खोल्या झाडून झाल्यावर ऑडिटरांनी किल्ली सासूबाईंना दिली आणि ती मिळाल्याची पावती घेतली. मग व्हरांड्यातल्या बाकावर बसले. त्या बाकावर बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ती पक्षकारांची जागा होती.

"आतां विचारा," ते म्हणाले.

सासूबाई आतून पिशवी घेऊन आल्या. ऑडिटरांनी फीचा आकडा सांगितला. सासूबाईंनी चेक लिहिला, ऑडिटरांनी पावती लिहिली. मग ऑडिटरांनी पिशवीतून करार काढला आणि तो बॅगेत घालून दोन गल्ल्या पलीकडच्या घरी निघून गेले.

चार-पाच दिवसांनी ते परत आले, सुट्टीच्या सकाळी, नवरा घरी असेल अशा वेळी. सांगताना आवाज नेहमीपेक्षा खालचा होता. बिल्डर तीन फ्लॅट देणार, रोख जवळजवळ काही नाही. इमारत पूर्ण झाल्याचा दाखला मिळाला की त्या फ्लॅटच्या किमतीवर सासूबाईंच्या नावे कर लागणार. एका फ्लॅटपुरती सवलत बसेल, उरलेल्यांचा कर भरायला पैसे नाहीत, म्हणजे एक फ्लॅट विकावा लागणार. बांधकाम चालू असेपर्यंत भाडं बंद. बिल्डरला उशीर झाला तर भरपाईचं कलम नाही. आणि मुखत्यारपत्र असं लिहिलेलं की सही झाल्यावर मालकिणीला विचारण्यासारखं फारसं काही उरत नाही.

"चार ठिकाणीं बदल मागा," ते म्हणाले. "दिले तर सही करा, चांगली इमारत होईल. नाही दिले तर करूं नका. छप्पर दुरुस्त करा, जिन्याला कठडा लावा. मामींच्या गुडघ्याला लिफ्ट लागत नाही, त्या तळमजल्यावरच राहतात."

चारही बदल बिल्डरने नाकारले. आठवड्याभरात तो पलीकडच्या गल्लीत दुसऱ्या घराच्या मागे लागला.

निकाल कळल्यावर नवरा ऑडिटरांना म्हणाला, "म्हणजे घर राहिलं. आणि तुम्ही उगाच सोडलंत."

"उगाच नव्हे."

"सर, तुम्ही इथे राहून सांगितलं असतंत तरी हेच सांगितलं असतंत ना?"

"हेंच. शब्दाशब्दानें हेंच."

"मग?"

"मग तूं ऐकलं असतंस काय?"

नंतर नवरा मला म्हणाला की नसतं ऐकलं. पुढच्या खोलीत बसलेल्या माणसाने घर पाडू नका म्हटलं असतं, तर आपण दुसऱ्या दिवशी सही केली असती. हे तो अजूनही लोकांना सांगतो, आणि सांगताना आवाज असा लागतो जसा ऑडिटर त्याचे सख्खे काका असावेत.

सासूबाईंचं म्हणणं सरळ होतं. घर आहे, पोर्शन रिकामा आहे, त्यांनी परत यावं. त्या स्वतः औषधाच्या दुकानाचा जिना चढून गेल्या.

"नाही जमत, मामी. आतां मी तुमचा ऑडिटर आहें."

"काम तर झालं!"

"रिटर्न राहिलं. दर वर्षीं असतं तें."

"मग नको तुमचं ऑडिटरपण. काढून टाकलं तुम्हांस."

"फी घेतलेली आहे. मार्चपर्यंत काढतां येत नाही."

त्या जिना उतरून आल्या आणि त्यांनी पुढच्या पोर्शनला कुलूप घातलं. दलाल आले, त्यांना परत पाठवलं. कोणी विचारलं तर म्हणत, रंग द्यायचा आहे. रंग देत नव्हत्या. पहिल्या तारखेला त्या दोन कॉफ्या करत आणि एक मला देत. असे काही महिने गेले.

रिटर्नच्या वेळी ऑडिटर कागद घ्यायला आले. बूट काढून व्हरांड्यात उभे राहिले. सासूबाईंनी कॉफी आणली. ते म्हणाले, "पक्षकाराकडे घेत नाही," आणि मग बराच वेळ त्या वाटीतल्या टंबलरकडे बघत राहिले. कागद चाळून झाल्यावर त्यांनी विचारलं, "पुढचा पोर्शन रिकामा काय म्हणून?"

"माझं घर. माझी मर्जी."

"मर्जी ठीक. पण तुमचं उत्पन्न दोन पोर्शनचं. एक बंद ठेवलांत तर छपराची दुरुस्ती कशांतून करणार? ऑडिटर म्हणून सांगतों, पुढच्या पहिल्या तारखेपासून भाड्यानें द्या."

"मज कोणी मिळत नाही."

"मी आणतों."

त्यांनी आणलं. शोळिंगनल्लूरला नोकरी करणारं तरुण तमिळ जोडपं, नुकतंच लग्न झालेलं. जागा त्यांनी स्वतः दाखवली. मी आणि सासूबाई मागे होतो. बोलणं तमिळमध्ये चाललं होतं. आतल्या खोलीत अंधार होता. दिव्याचं बटण दाराच्या मागे आहे, नवा माणूस ते शोधत राहतो. त्यांनी न बघता हात मागे नेला आणि दिवा लावला.

"या खिडकीतून पाऊस आत येतो," त्यांनी मुलीला सांगितलं. "मोरीचा उतार उलटा आहे, पाणी साचतं. दुपारी तीननंतर स्वयंपाकघरात बसवत नाही इतकं तापतं. रात्री मात्र वारा चांगला येतो."

सासूबाई मराठीत म्हणाल्या, "हें सारं मज कधीं सांगितलं नाहीत!"

मुलीने विचारलं, "आधी इथे कोण राहत होतं?"

"एक ऑडिटर."

"चांगले होते?"

"तक्रार करीत नसत," ते म्हणाले. "म्हणून हें सगळं असं राहिलं. तुम्ही करा." मग सासूबाईंकडे वळून, "पहिल्या तारखेच्या आंत खिडकी आणि मोरी करून द्या. तीस टक्के त्यासाठींच आहेत."

जोडप्याला जागा आवडली. भाड्याचा विषय निघाला. सासूबाई जुना आकडा सांगणार, तेवढ्यात ऑडिटरांनी बोट वर केलं आणि स्वतःच आकडा सांगितला. मुलाने बायकोकडे पाहिलं, थोडी घासाघीस केली, ऑडिटर जागचे हलले नाहीत, आणि मुलगा कबूल झाला. दोघं अंगण बघायला बाहेर गेले.

सासूबाई मराठीत, हळू आवाजात म्हणाल्या, "दुप्पट झालं कीं. इतकीं वर्षं तुम्ही निम्मंच देत होतांत."

"हो मामी," ऑडिटर म्हणाले. मान ताठ होती. "तेव्हां तुमचा ऑडिटर चांगला नव्हता."